मंडईच्या दिवशी बाबांचा आवाज गेला

मुलाखत घ्यायला कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: बाई, अभिनयाचं शिक्षण कुठं घेतलं? आधी मी चक्क थापा मारायची. एक गुरुजी तयार करून ठेवले होते, त्यांना पांढरी दाढीही दिली होती. आता माझी पासष्टी उलटली, सिनेमात दोन पिढ्यांच्या नायकांची आई होऊन झाली, आणि मालिकेतल्या खाष्ट सासूपायी आमच्या भाजीवालीनं मला वरून कोथिंबीर टाकणं बंद केलं, तेव्हा आता खरं सांगायला हरकत नाही. माझं शिक्षण एका रात्रीत झालं. तेही पडद्याच्या बाजूला, तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काड्यांच्या, पेंडीवर बसून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात वही धरून. आणि त्याचं सगळं खापर बाबांच्या घशावर फोडावं लागतं.

आमचं सावरबोडी गाव ब्रह्मपुरीहून जीपनं पाऊण तास. ही जीपही अशी की आत माणसं, वर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर. दिवाळी झाली, हलका धान कापून झाला की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुपारी बाजार, आकाशपाळणा, जिलब्यांचे ढीग, गोवाऱ्यांचे नाच, आणि रात्री नाटक. नाटकाशिवाय मंडई म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. नाटक गावातलेच लोक बसवायचे. बांधीतला रोवणा, म्हणजे शेतातली धानाची लावणी, आटोपला की शाळेच्या वऱ्हांड्यात तालमी सुरू होत. पुरुषांची कामं गावचे पुरुष करायचे, बायकांची कामं करायला मात्र नट्या बाहेरून यायच्या, वडशाहून नाहीतर नागपूरहून. गावची पोरगी, गावची सून स्टेजवर उभी राहत नसे. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण सातबाऱ्यापेक्षा पक्का होता. या नट्या नाटकाच्या दिवशीच दुपारी एसटीनं उतरत. आज आमच्या गावी, उद्या दुसऱ्या, परवा तिसऱ्या. रोज नवं नाटक आणि रोज नवा नवरा. मग त्या संवाद कधी पाठ करणार? करतच नसत. विंगेत प्रॉम्प्टर बसायचा. तो एक वाक्य हळूच म्हणायचा, बाई ते तिथल्या तिथं उचलून असं म्हणायची की समोर बसलेल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. आज मालिकेच्या सेटवर कॅमेऱ्यामागून एक पोरगी मला वाक्य वाचून देते आणि मी ते म्हणते, त्याला कोणी हसत नाही.

आमच्या गावचे प्रॉम्प्टर म्हणजे माझे बाबा. दिवसा शाळेत मास्तर, रात्री विंगेत मास्तर. पावसाळ्याभर बसून ते अख्खं नाटक दोनशे पानी वहीत उतरवायचे. रडायच्या वाक्याखाली एक रेघ, ओरडायच्या वाक्याखाली दोन, आणि जिथं नटाला घाम पुसायला वेळ द्यायचा तिथं एक छोटासा गोल. नट्या ऐनवेळी येणार, म्हणून तालमीत त्यांची वाक्यंही बाबाच म्हणायचे. मिशीवाला मास्तर खाकरून घसा साफ करतो आणि म्हणतो, प्राणनाथ, या अबलेचा असा त्याग करू नका. आणि समोर गुलाबभाऊ, आमचे कायमचे नायक, धानाच्या गिरणीचे मालक, पोट सांभाळत, छातीवर हात ठेवून उत्तर देतात. मी बाबांच्या शेजारी बसून पानं उलटायची. मला तालमीतसुद्धा उभं राहू देत नसत. हसू आलं की मी ओढणी तोंडात कोंबायची. महिन्याभरात नाटक मला इतकं पाठ व्हायचं की धान वेचतानाही मी नायिका, खलनायक, म्हातारा सासरा असं सगळं एकटीच करायची, आणि बांधीतले बगळे उडून जायचे.

नायिका करायला लागोपाठ चार वर्षं मंदाबाई आली. ती आमच्याच घरी उतरायची. त्याचं कारण साधं होतं. गावातले काही लोक नटीला घरात घ्यायला कचरायचे, आणि त्यातलेच काही आमच्या घरी चहा प्यायलाही कचरायचे. त्यामुळं मंदाबाईचं आणि आमचं चांगलं जमलं. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात एक शिस्त होती. सकाळी वंदना, मग अंगणात सडा, मग चहा, आणि चहानंतर बाबांचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं. मंदाबाई आली की ही सगळी शिस्त एका दिवसासाठी कोलमडायची. ती पत्र्याची ट्रंक धप्पकन ओट्यावर टाकायची, पाय भिंतीला लावून चटईवर पसरायची आणि आईला विचारायची, वहिनी, कोचईच्या वड्या केल्या ना? आई आदल्या दिवशीच कोचईची, म्हणजे अळूची, पानं आणून ठेवायची. बेसन, तीळ, चिंच लावून गुंडाळी, वाफवून काप, मग तेलात खरपूस. सोबत वाळल्या झिंग्यांची चटणी आणि नव्या तांदळाचा भात. मंदाबाई खाताना बोलत नसे, फक्त मान डोलवायची. खाऊन झालं की तशीच आडवी होऊन अशी घोरायची की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. त्या घोरण्याचंही मला कौतुक. मला वाटायचं, मोठ्या नट्या अशाच घोरतात. संध्याकाळी ती ट्रंक उघडायची, आणि पावडर, वासाचं तेल, जुनी जर असा मिळून एक वास घरभर पसरायचा. चाळिशीची मंदाबाई अर्ध्या तासात अठरा वर्षांची व्हायची. मी खरीखुरी सतरा वर्षांची, बाजूला बसून तिच्या पिना धरायची.

मला तिच्यासोबत जायचं होतं. बस, बाकी काही नको होतं. वडशाला तिची नाटक कंपनी होती. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव प्रयोग, आणि छोट्या कामांसाठी त्यांना एक पोरगी हवीच होती. आदल्या वर्षी मी धीर करून बाबांना विचारलं होतं. बाबा रागावले नाहीत, तेच वाईट झालं. रागावले असते तर मी रुसले असते. त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "माया बापानं लोकाईच्या बांधीत रोवणा करून मले मास्तर केलं. त्याची नात मास्तरीण झाली पायजे. नटी व्हाले गावात दुसऱ्या पोरी नाईत का?" दुसऱ्या पोरी नव्हत्याच, पण हे त्यांना कोण सांगणार? डी.एड.चा फॉर्म आणून बाबांनी कपाटात ठेवला होता, माझी बारावी व्हायची वाट पाहत. या वर्षी मंदाबाई आली तेव्हा मी तिला विहिरीवर गाठलं. ती म्हणाली, कंपनीतली पोरगी लग्न करून गेली, जागा रिकामी आहे, पण या हप्त्यातच भरायची आहे. मग तिनं मला युक्ती सांगितली. नाटक रंगलं की मास्तर लोण्यासारखे मऊ होतात, तिनं चार वर्षं पाहिलं होतं. सकाळी चहाच्या वेळेला ती स्वतः विषय काढणार होती. तोवर मी गरीब गाय होऊन राहायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, आणि नाटक चांगलं पार पडू द्यायचं. एवढंच. मी शपथ घेतली.

आणि त्याच दुपारी बाबांचा आवाज गेला. जाणारच होता. दोन दिवस जीपवर भोंगा लावून आसपासच्या गावांत ते स्वतः नाटकाची जाहिरात करत फिरले होते, गुलाबभाऊंच्या घरच्या जेवणात बर्फाचं पाणी प्यायले होते, वरून मंडईत गोळा खाल्ला. मंदाबाईला ताटावर या म्हणायला तोंड उघडलं तर आतून गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा आवाज आला, आणि मग तोही बंद. आत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं, औषधं सुरू केली. हळदीचं दूध झालं, अडुळशाचा काढा झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, लसूण भाजून झाली. शेवटी तिनं गरम राखेची पुरचुंडी गळ्याला बांधली. बाबा लग्नातल्या बोकडासारखे दिसायला लागले, पण आवाज आला नाही. संध्याकाळी गुलाबभाऊ चेहऱ्याला अर्धा रंग लावून आमच्या अंगणात धावत आले. मैदानात बैलगाड्या सुटायला लागल्या होत्या, माणसं तणस अंथरून जागा धरत होती, आणि प्रॉम्प्टर मुका. बाबांची वही बाबांशिवाय कोणाला वाचता येत नव्हती. म्हणजे एका व्यक्तीला येत होती. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी गरीब गाईसारखं खाली पाहिलं.

मग अंगणातच चर्चा झाली, की विंग म्हणजे स्टेज धरायचं की नाही. नाटक मंडळातले जाणते लोक तावातावानं बोलत होते. एकाचं म्हणणं, पडद्याच्या रेषेच्या आत पाय गेला की ते स्टेज. दुसऱ्याचं म्हणणं, मग पेटीवाला, तबलेवाला हेही नट झाले का? शेवटी गुलाबभाऊंनी निवाडा दिला की जी बाई दिसत नाही ती स्टेजवर नाही. पोरगी आत बसेल, बाप तिच्या शेजारी बसेल, पोरीचं नाव कुठं घ्यायचं नाही. बाबांनी माझ्याकडं बोट दाखवलं, मग वहीकडं, मग ओठांवर बोट ठेवलं. अर्थ स्पष्ट होता: वहीत आहे तेवढंच. मी मान हलवली. आईनं मला गरम पाणी प्यायला दिलं आणि ती बायकांच्या बाजूला बसायला निघून गेली. आई नाटकाबद्दल कधी काही बोलायची नाही. दरवर्षी ती शेवटपर्यंत जागी बसायची आणि घरी येऊन चूल पेटवायची, एवढंच आम्हाला माहीत होतं.

पहिले दोन अंक असे झाले की मी मलाच ओळखेना. प्रॉम्प्टरचा आवाज ही अवघड गोष्ट आहे. तो नटीच्या कानात पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेच्या कानात जाता कामा नये. बाबा तो दातांमधून सोडायचे. मी तसाच सोडला, आणि मंदाबाईनं असा अलगद झेलला की अंगावर काटा आला. मी जे म्हणायची ते पुढच्या क्षणी उजेडात उभं राहायचं, जरीची साडी नेसून. मी हळूच म्हटलं, देवा, मी आता कुणाकडे पाहू, आणि मैदानभर शांतता पसरली. अवं माय, काय सांगू तो आनंद. पुढं मला बक्षिसं मिळाली, मोठ्या पडद्यावर माझा चेहरा हत्तीएवढा दिसला, पण पोटात तशी गुदगुली पुन्हा झाली नाही. बाबाही शेजारी खूश होते. गळ्यातली पुरचुंडी सावरत, बोटानं ताल धरून बसले होते. मी मनात म्हटलं, सकाळी लोण्याचा गोळा तयार.

तिसऱ्या अंकात घात झाला. नाटकाची गोष्ट अशी होती. सुलोचना नावाची सती सावित्री बायको. तिच्या दिराच्या मनात पाप. तो एक खोटी चिठ्ठी लिहितो, सुलोचनेच्या प्रियकराची म्हणून. नवरा, म्हणजे गुलाबभाऊ, ती चिठ्ठी हातात धरून बायकोला कुलटा ठरवतो. सुलोचना न केलेल्या पापाची क्षमा मागते, विषाचा पेला उचलते, पिऊन पायाशी पडते, आणि ती अर्धी मेली की मग चिठ्ठीचं खरं कळतं. महिनाभर हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. भावाचं अक्षर भावाला ओळखू येत नाही? लहानपणी एका पाटीवर शिकले ना दोघं? आणि ही बाई, जिनं काही केलंच नाही, ती माफी कशाची मागते? तालमीत एकदा हे मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, नाटक आहे, शाळा नाही. त्या रात्री मंदाबाई गुलाबभाऊंच्या पायाशी बसली, हातात पेला घेतला, डोळे भरून आले, आणि तिनं पुढच्या वाक्यासाठी कान माझ्याकडं केला. वाक्य होतं, नाथ, या पापिणीला क्षमा करा. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्याच्याखाली रेघही होती. पण तिचे ते भरलेले डोळे पाहून मला असा राग आला की वाक्य राहिलं बाजूला, आणि मी स्वतःशीच पुटपुटले, "काऊन मरून राह्यली वं बाई? तुयं काय चुकलं?"

मंदाबाईनं तेच उचललं. सवयच ती. विंगेतून आलेला शब्द तिच्या डोक्यात जातच नसे, कानातून सरळ तोंडात यायचा. आकाशाकडं हात करून, आवाजात कंप आणून, नायिकेच्या थाटात ती म्हणाली, "काऊन मरून राह्यली वं बाई? तुयं काय चुकलं?"

स्टेजवरची सती कधी आमच्यासारखी बोललेली कोणी ऐकलीच नव्हती. मग बायकांच्या बाजूनं कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं मैदान. गुलाबभाऊ खाली वाकून पाहू लागले, की ही मला बाई का म्हणून राहिली. मंदाबाई मात्र तशीच, हात वर करून, पुढच्या वाक्याची वाट पाहत. काहीतरी सावरायला हवं होतं. मी दातांमधून सोडलं, असं आत्ताच माया मनानं मले विचारलं, नाथ. तिनं ते म्हटलं. टाळी पडली. खरं सांगते, तिथंच मी थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण ती टाळी माझ्या कानात गेली आणि गरीब गाय दावं तोडून पळाली.

बाबा वही ओढायला लागले. मी वही देऊन टाकली. मला आता वही नकोच होती. बाबांच्या हातात वही, तोंड उघडलेलं, गळ्यात राखेची पुरचुंडी, आणि आवाज नाही. ते कपाळावर हात मारत होते, माझा खांदा हलवत होते, आणि मी तिकडं सुलोचनेला वाक्यामागून वाक्य देत होते. गुलाबभाऊंनी आपलं पाठ असलेलं वाक्य फेकलं, कुलटे, तुला क्षमा नाही. मी म्हटलं आणि मंदाबाई म्हणाली, माफी मागते कोन? आधी ते चिठ्ठी नीट वाचा. अक्षर कोनाचं हाये ते पाह्यलं का? आता बायकांच्या बाजूनं आवाज येऊ लागले, हो ना, वाचा ना भाऊ, वाचा. गुलाबभाऊंच्या हातात चिठ्ठी म्हणून गिरणीतला कोरा कागद होता. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, आणि घाबरून विंगेकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रॉम्प्टरची गरज पडली होती. मी त्यांना दिलं, आन् हे तर माया भावाचं अक्षर हाये. त्यांनी ते म्हटलं, आणि ते इतकं खरं वाटलं की मागच्या रांगेतला एक म्हातारा उठून ओरडला, मी तवाच सांगत होतो. खलनायक त्या वेळी स्टेजमागं बिडी पीत बसला होता. त्याचा सगळ्यात मोठा प्रवेश अजून बाकी होता. तो बिचारा धावत आला तोवर पकडला गेलेला होता.

मग मी गुलाबभाऊंना गुडघे टेकायला लावले. म्हटलं, सुलोचने, माया डोया उघडला, माफ कर. त्यांना वाताचा त्रास. ते टेकले, आणि उठता येईना. मंदाबाईनं एका हातानं त्यांना काखेत धरून उठवायला सुरुवात केली, दुसऱ्या हातात विषाचा पेला तसाच. तो पेला मी साफ विसरले होते. ती डोळ्यांनी मला विचारत होती, आता हे पिऊ की काय करू? मी घाईनं तिला सांगितलं, फेकून दे. ही सूचना होती, वाक्य नव्हतं. पण तिनं ते वाक्य म्हणूनच घेतलं. पेला गुलाबभाऊंच्या हातात दिला आणि कडाडली, फेकून दे. आणि गुलाबभाऊंनी, जे आता कोणाचंही ऐकायला तयार होते, सगळ्या ताकदीनं ते लाल सरबत समोर फेकलं. पहिल्या रांगेत आमचे पोलीस पाटील पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. पेटीवाल्याला काही सुचेना, त्यानं ठरल्याप्रमाणं मरणाचं गाणं सुरू केलं, आणि लोक त्या गाण्यावर टाळ्या वाजवत नाचले. पडदा पडला. नाटक वेळेआधी तासभर संपलं होतं. लोक हलेनात, म्हणून मंदाबाईला लावणी दोनदा करावी लागली. मी तणसाच्या पेंडीवर बसून राहिले. बाबा वही छातीशी धरून माझ्याकडं पाठ करून बसले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. अंधारात मला कळेना, की हा माणूस रडतो आहे की हसतो आहे. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

उजाडल्यावर मला सगळं कळून चुकलं. माझं वडसा गेलं. मी माझ्या हातानं, नव्हे तोंडानं, घालवलं होतं. सकाळीच गुलाबभाऊ गुडघ्याला तेल लावून, लंगडत अंगणात आले. अर्धा रंग अजून कानामागं होता. ते बाबांना म्हणाले, मास्तर, तुमच्या पोरीनं सगळ्या गावासमोर मले बायकोच्या पाया पाडलं, आता घरची बायको सकाळपासून हसून राह्यली, चहाही देईना. पुढच्या वर्षी विंगेत कोण बसेल ते मंडळ ठरवेल. बाबांनी हात जोडले. आत्यानं गुलाबभाऊंना चहा दिला. त्यांनी तो आमच्या ओट्यावर बसून प्यायला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि रागारागानं बशीत ओतून दुसराही प्यायला. मी चुलीशेजारी आईच्या मागं दडून बसले होते. लाकडं ओली होती, धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळं रडायला सोयीचं होतं.

मंदाबाई अंघोळ करून, वेणी घालून आली. ट्रंक ओट्यावर तयार होती. मला वाटलं, ही मला एक शिवी देईल आणि जाईल. वीस वर्षांच्या धंद्यात तिला कोणी असं तोंडघशी पाडलं नसेल. ती बाबांच्या समोर मांडी घालून बसली आणि सरळ म्हणाली, "मास्तर, ही पोरगी मले द्या. रात्री मी काय बोलून राह्यली ते माया ध्यानात नव्हतं, पन लोकाईचं ऐकू येत होतं. वीस वर्षांत माया वाक्यावर कोनी असं हासलं नाई. मी आताच्या एसटीनं घेऊन जातो हिले."

गुलाबभाऊंची बशी हवेत राहिली. बाबांनी मंदाबाईकडं पाहिलं, मग चुलीकडं, जिथं मी होते. त्यांचे ओठ हलले. आवाज नाहीच, नुसते ओठ, एका शब्दापुरते. महिनाभर मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचे ओठ वाचले होते. तो शब्द मला स्पष्ट दिसला. ते म्हणाले, नाई.

मंदाबाईला तो कळला नाही. तिनं विचारलं, काय म्हणून राह्यले?

तेव्हा आई बोलली. हातात चहाची गाळणी, पाठ आमच्याकडं, उतू जाणाऱ्या दुधाला बोलावं तसं, अगदी साध्या आवाजात. "हे म्हणतेत, घेऊन जा. पन परीक्षेच्या आधी आनून सोडजा, अभ्यासाचे पुस्तकं संग देतो. आन् पोरीले उपाशी ठेवू नका, तिले पहाटे भूक लागते."

एका शब्दाची आईनं एवढी वाक्यं केली. आत्यानं तोंडाला पदर लावला. बाबा आईकडं पाहत राहिले. मी त्यांचा चेहरा त्या वेळी जसा पाहिला तसा आधीही कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले होते, आणि हिनं सगळ्यांदेखत त्यांच्याच तोंडातला काढून दुसरा घातला. आवाज गेला होता, पण मान शाबूत होती. नुसती डावी-उजवी हलवली असती तरी सगळं तिथंच संपलं असतं. वही होती, पेन होता, नाही असं लिहून दाखवता आलं असतं. मी त्यांच्या मानेकडं पाहत होते. मान हलली नाही. आईनंही वळून पाहिलं नाही. ती चहा गाळत राहिली, पण अर्धा चहा भांड्याच्या बाहेर जात होता.

मग बाबा उठले. धोतर खोचलं. ओट्यावरची मंदाबाईची ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागले.

मी तशीच उभी. तोंड उघडं, आणि आत एकही वाक्य नाही. आई अजूनही चुलीकडं तोंड करून होती. ती म्हणाली, "आता तुलेबी मीच सांगू का? जा ना."